कुडाची भिंत आणि कलादालन

वारली चित्राचे पहिले दालन म्हणजे कुडाची भिंत. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या रोवायच्या, आडव्या कामट्यांनी आवळून बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, की कूड तयार होतो. घराला खिडकी बहुधा नसते. आत उजेड येतो तो दारातून आणि कुडाच्या फटींतून. या अर्ध्या अंधारात गेरूने सारवलेला भिंतीचा एक भाग घ्यायचा आणि तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक चघळून त्याचा कुंचला करून, पांढऱ्या रेषेने चित्र काढायचे, ही उत्तर कोकणातील वारल्यांची रीत. रंग पांढरा एकच. पार्श्वभूमीचा तांबडा किंवा तपकिरी रंग मातीचा, शेणाचा, गेरूचा. १९७० च्या दशकापर्यंत हे चित्र पाड्याबाहेरच्या फारच थोड्या लोकांनी पाहिले होते.

वारल्यांचा हा प्रदेश पश्चिमेला डहाणूच्या समुद्रापासून पूर्वेला सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सगळा ठाणे जिल्हाच होता. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा आणि वाडा हे तालुके पालघरकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. शहापुरात माहुलीचे सुळके, मुरबाडात गोरखगड, मच्छिंद्रगड आणि नारिवलीच्या डोक्यावर उभा असलेला सिद्धगड, ही या पट्ट्याची पूर्वेकडची हद्द. सिद्धगडाचे रान आज भीमाशंकर अभयारण्यात मोडते. वारल्यांची दाट वस्ती डहाणू-तलासरीकडे. शहापूर-मुरबाडात वारल्यांच्या बरोबरीने ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी राहतात. जमाती वेगळ्या, त्यांच्या बोली आणि चालीरीतीही वेगळ्या. पण कुडाची घरे, राबाची भातशेती, वाघाला देव मानणे आणि जंगलावर चालणारा संसार या गोष्टी सगळ्यांच्या सारख्या. ठाकरांच्या जीवनावर ल. ना. चापेकरांनी १९६० साली ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हा ग्रंथ लिहिला, तर वारल्यांवर के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ १९४५ सालचा. वारली चित्रांचा सविस्तर अभ्यास मात्र १९८८ साली आला, यशोधरा दालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या पुस्तकात.

ही कला किती जुनी, या प्रश्नाला अनेकदा हजारो वर्षांचे आकडे देऊन उत्तर दिले जाते. भीमबेटकाच्या गुहांतील चित्रांशी असलेले साम्य हा त्याचा मुख्य आधार. साम्य आहे, हे खरे. दोन्हीकडे माणसे काड्यांसारखी सडपातळ, दोन्हीकडे शिकार आणि नाच. पण दोन चित्रे एकसारखी दिसतात म्हणून त्यांच्यामधली अखंड परंपरा सिद्ध होत नाही. शिवाय कुडाचे आयुष्य थोडे असते. पावसाळ्यागणिक लिंपण गळते, चुलीच्या धुराने भिंत काळवंडते आणि काही वर्षांत कूडच बदलावा लागतो. जुने वारली चित्र टिकून राहणे त्यामुळे जवळपास अशक्य. परंपरा जुनी आहे एवढे निश्चित. ती किती शतकांची, याचा पुरावा भिंतीबरोबर मातीला मिळाला आहे.

चित्राचा मूळ प्रसंग लग्नाचा. लग्नघरात भिंतीवर चौक काढला जातो आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो काढण्याचा मान सवाष्णींचा. आधी चौकोन आखला जातो, मग त्याच्या कडांना साखळी, बाशिंग अशा नक्षीच्या पट्ट्या एकीला लागून एक भरल्या जातात. मधल्या मोकळ्या जागेत पालघाट देवी येते. हात-पाय फाकवून उभी असलेली ही देवी झाडाझुडपांची, पिकाची आणि वंशवाढीची. लग्नचौकाजवळच छोटा देवचौक असतो, त्यात पंचशिऱ्या देव. देवीच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी आणि शिडी. चौकाबाहेर झाडे, प्राणी, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी आणि नाचणारी माणसे. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नविधीची गाणी मुखोद्गत असलेली स्त्री. ब्राह्मण पुरोहिताचे काम येथे बाईकडे असते आणि मंत्रांच्या जागी तिची गाणी असतात. चौक रेखला जातो तोही गाण्याच्या सोबतीने. देवाला प्रत्यक्ष बोलावण्याचे काम भगताचे.

चित्र येथे विधीचाच एक भाग असते. सारवणे, रेखणे, गाणे आणि देवाचे येणे हे एकामागून एक घडते, आणि लग्न पार पडले की चित्राचे कामही संपते. नंतर ते पुसत नाहीत आणि जपतही नाहीत. भिंत जुनी होते तसे चित्र जुने होते. पुढचे लग्न ठरले की पुन्हा सारवण, पुन्हा पीठ. चित्राखाली नाव नसते. ज्या बाईचा हात चांगला तिची ख्याती दोन-चार पाड्यांत असते, आणि तिला शेजारच्या लग्नघरांतून बोलावणे येते.

या चित्रांतील निसर्ग समजून घ्यायचा तर आधी त्यांत काय नाही हे पाहावे लागते. क्षितिज नाही, सावली नाही, जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा हिशेब नाही. झाड, मुंगी, माणूस आणि डोंगर एकाच सपाटीवर येतात. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. डोके वर्तुळ, हातपाय रेषा. वर्तुळ सूर्यचंद्रावरून आणि त्रिकोण डोंगर-झाडांवरून आला असे सांगितले जाते. एवढ्या तीन-चार आकारांतून पेरणी, आवणी, झोडणी, मासेमारी, मध काढणे, ताडावर चढणे अशी सगळी कामे दाखवता येतात. रान येथे दुरून न्याहाळण्याची वस्तू म्हणून येत नाही. त्यात कोणीतरी सतत काहीतरी करत असते. झाडाच्या फांदीवर माकड, बुंध्याशी मुंग्यांची रांग, खाली भारा बांधणारी बाई; रिकामे रान वारली चित्रात सापडणे कठीण.

देवही याच कामकाजातले. कणसरी ही धान्याची देवी, धरतरी ही भूमी, वाघदेव हा रानाचा राखणदार. वाघबारशीला वाघोबाची पूजा करण्याची रीत सह्याद्रीच्या पायथ्याच्या अनेक गावांत आहे. पाऊस ओसरला की तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांचे हे वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती एकमेकांना धरून; तारपा वळेल तशी माणसांची साखळी वळते. आज ओळखीचे झालेले गोल नाचाचे चित्र हेच, आणि त्याला ऋतूचा बांध आहे. तारपा भाताच्या हंगामाशी जोडलेला आहे. तो वर्षभर वाजत नाही.

हे रान चित्रात जितके भरलेले दिसते तितके ते वारल्यांच्या हाती उरलेले नव्हते. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि राबासाठी झाडांची टहाळे तोडण्यावर बंधने आली. राब म्हणजे टहाळे, पालापाचोळा आणि शेण पसरून, ते उन्हाळ्यात जाळून तयार केलेली रोपांची जागा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भातशेतीचा तो पायाच होता. तक्रारी एवढ्या वाढल्या की त्यांच्या चौकशीसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. जंगल सरकारकडे गेले आणि जमीन सावकार-जमीनदारांकडे. वारली आपल्याच शेतावर कूळ झाला आणि वेठबिगारीला जुंपला गेला.

चौकाच्या इतिहासाशी थेट जोडलेली एक प्रथा येथे सांगणे भाग आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडके कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबायचे. व्याज वाढत जाई, कर्ज फिटत नसे आणि नवरा-बायको दोघेही पुढची वर्षे सावकाराच्या घरी काढत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. म्हणजे ज्या लग्नासाठी सवाष्णी पालघाट देवीचा चौक रेखत, तेच लग्न त्या जोडप्याच्या गुलामीचा पहिला दिवस ठरू शकत असे. वारली चित्रांविषयी बोलताना आनंदी, निरागस, निसर्गाशी एकरूप असे शब्द सर्रास वापरले जातात. लग्नगड्याची गोष्ट ठाऊक असलेल्याला ते शब्द अपुरे वाटतील. भुकेच्या आणि वेठीच्या वर्षांतही या बायकांनी भरल्या धान्याची, फुटत्या झाडाची देवी भिंतीवर आणली, यातच त्या चित्रांचे मोठेपण आहे.

ही व्यवस्था मोडली ती संघटनेने. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले, मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची सभा भरली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगड्याची प्रथा नाकारणारा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा इतिहास आहे. त्याआधी अडीच-तीन वर्षे, २ जानेवारी १९४३ रोजी, सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले होते. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीने ते दशक असे काढले.

याच काळात मुंबईत कलादालनांची दुनिया आकार घेत होती. सर जे. जे. कलाशाळा १८५७ ची, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. निसर्गचित्र हा या शाळेच्या शिकवणीतला मानाचा प्रकार. घाट, नदी, देवळे आणि पाणवठे यांची जलरंगातील चित्रे मराठी चित्रकारांनी अतिशय ताकदीने काढली. कोटितीर्थाच्या काठावर राहून रंगवणारे कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे त्यांतले सर्वांत एकटे आणि सर्वांत थोर नाव. पण या परंपरेतला चित्रकार निसर्गासमोर बसतो आणि समोर दिसते ते उतरवतो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली काळा घोड्याला सुरू झाली. १९४१ पासून चित्रांच्या चौकटींचा व्यवसाय करणाऱ्या केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. आधुनिक भारतीय चित्रकारांना आधार देणारी ही जागा होती, आणि वारली चित्र दालनात शिरले ते याच दारातून.

त्याला निमित्त झाले भास्कर कुलकर्णी. बिहारमध्ये १९६६-६७ साली दुष्काळ पडला तेव्हा पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने हा मराठी चित्रकार मधुबनीला गेला. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्याने कागद दिले. चित्रे विकली जाऊन घरात पैसा येईल, हा हेतू. तोच प्रयोग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने डहाणूच्या वारली पाड्यांत केला. कुलकर्णी पाड्यांवर जाऊन राहत आणि वारल्यांत मिसळत. मधुबनीत कागद बायकांनी हाती घेतला आणि त्या नावारूपाला आल्या. डहाणूला निराळे घडले. चौक काढणाऱ्या बायका कागदावर फारशा रमल्या नाहीत आणि पुढे आला तो एक पुरुष, जिव्या सोमा म्हसे.

१९३४ साली जन्मलेल्या जिव्याची आई तो सात वर्षांचा असताना गेली. त्यानंतर मुलाने बोलणे सोडले आणि तो धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागला, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडला त्याचे घर होते. लग्नाचा चौक पुरुषाने काढायचा नसतो. जिव्या मात्र लग्न असो-नसो, मनाला येईल तेव्हा भिंतीवर चित्रे काढत असे. कुलकर्णींनी त्याचा हात ओळखला. १९७५ साली केमोल्डमध्ये जिव्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि १९७६ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भिंतीवरून कागदावर येताना चित्र पुष्कळ बदलले. चौकोन आणि देवी मागे राहिली. तिच्याभोवती कडेला असलेली माणसे, झाडे आणि प्राणी मुख्य झाले. विधीच्या जागी गोष्ट आली. खाली सही आली. बाईचे काम पुरुषाकडे गेले, आणि एका प्रसंगापुरते असणारे चित्र टिकाऊ झाले. त्यासाठी तांदळाच्या पिठाला डिंकाची आणि पुढे तयार पांढऱ्या रंगाची जोड द्यावी लागली, कारण नुसते पीठ वाळल्यावर झडते. याला निव्वळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. जिव्याची मोठी चित्रे पाहिली की कागदाने काय दिले ते समजते. त्याच्या मासेमारीच्या चित्रात जाळे जवळजवळ सगळा पृष्ठभाग व्यापते. हजारो बारीक रेषांनी विणलेले हे जाळे फुगते, वळते, आणि त्याच्या कडेला माणसे अगदी चिमुकली दिसतात. मुंग्यांची वारुळे, भाताच्या खळ्यांवरची लगबग, तारप्याची वळणे यांत त्याने रेषेला अशी थरथर दिली की स्थिर कागद हलता वाटतो. कुडावरच्या चौकाला या खेळासाठी जागा नव्हती. उलट, चौकात जी शिस्त आणि जे गांभीर्य होते ते कागदावर पुन्हा क्वचितच आले.

दालनांचा पुढचा इतिहास वेगाने घडला. १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात जाँ-ह्युबेर मार्तँ यांनी ‘माजिसियाँ द ला तेर’ हे प्रदर्शन भरवले. पाश्चात्त्य आणि इतर देशांतील मिळून सुमारे शंभर कलावंतांना त्यात बरोबरीने मांडले होते. त्यांत जिव्या होता. १९९८ साली दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात ज्योतींद्र जैन यांनी ‘अदर मास्टर्स’ हे पाच लोककलावंत व आदिवासी कलावंतांचे प्रदर्शन केले. जनगढसिंह श्याम आणि गंगादेवी यांच्या पंक्तीला जिव्या सोमा म्हसे हे नाव होते. लोककला वस्तुसंग्रहालयात आणि समकालीन कला दालनात, या वाटणीला दिलेले ते स्पष्ट उत्तर होते. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग माळरानांतून चालतो आणि दगड, चिखल, पायवाट यांतून कला घडवतो. युरोपला निसर्गाकडे वळायला जी वाट शोधावी लागली ती जिव्याच्या पायाखालचीच होती. २०११ साली जिव्याला पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्याचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू या त्याच्या मुलांनी चित्रे काढणे सुरू ठेवले.

दालनाबाहेर चित्राचे दुसरे आयुष्य सुरू झाले होते. साड्या, उशांचे अभ्रे, कप, शुभेच्छापत्रे, हॉटेलांच्या भिंती, शाळांची कुंपणे, सरकारी कार्यालयांचे जिने. तारप्याचा गोल सगळीकडे पोचला. तो काढणारे बहुतेक हात वारल्यांचे नाहीत आणि त्याचा पैसाही पाड्यावर पोचत नाही. या लुटीला कायद्याचा बांध घालण्यासाठी आदिवासी युवा सेवा संघाने प्रयत्न केले आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाला संरक्षण देते. नक्षी उचलून निराळ्या नावाने विकणाऱ्याला मात्र त्याने सहज अडवता येत नाही, हा त्याचा उणेपणा आहे.

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कुडाची घरे कमी होत गेली आणि विटा-सिमेंटची वाढली. सिमेंटच्या भिंतीला सारवण लागत नाही. गेरूवरचे पांढरे चित्र तिथे दिसते ते बहुधा आश्रमशाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या अंगाला, तैलरंगात, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असे. लग्नघराच्या आतल्या भिंतीवरचा चौक आणि हे चित्र यांत आकार तेवढे समान आहेत.

नव्या पिढीतले सर्वांत विचारप्रवृत्त करणारे काम गंजाडच्याच राजेश वांगड यांचे. २०१३ साली छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या आणि दोघांनी मिळून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका सुरू केली. गिल यांनी तिथल्या टेकड्या, शेते आणि झाडे यांची कृष्णधवल छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवर वांगड यांनी शाईच्या बारीक रेषांनी त्या जागेवर घडलेले सारे रेखायचे, अशी ही पद्धत. ऐकलेल्या कथा, देव, दुष्काळ, तुटलेले जंगल, कारखाने आणि माणसांची हिंसा त्यांत येते. छायाचित्रात क्षितिज असते आणि सावली असते. कॅमेऱ्याला ती जागा मोकळी दिसते. वांगडांची रेषा त्याच जागेत आभाळापासून जमिनीपर्यंत माणसे, प्राणी आणि झाडे भरते. ही चित्रे देशोदेशीच्या दालनांत दोघांच्या नावांनी लागतात.